गृहीत संमती

जुलै लागला की सांगलीच्या विश्रामबागेतल्या कोठारीसाहेबांच्या ऑफिसात चपला काढायला जागा उरत नसे. आयकराची विवरणपत्रं भरायची मुदत महिनाअखेरीची आणि लोकांना जाग यायची ती शेवटच्या आठवड्यात. आलेल्यांतले निम्मे स्वरूपा चौगुलेच्या टेबलाशी येऊन बसत, कारण मुलांच्या शिक्षणासाठी साठवलेल्या पैशांचं काम ऑफिसात तिच्याकडे होतं.

काम तसं सरळ होतं. मूल जन्मलं की आईबाप त्याच्या नावानं 'विद्यासंचय' खातं काढत आणि दरमहा त्यात पैसे टाकत. ते बाजारात गुंतवले जात, वाढत. मूल कॉलेजात गेलं की पैसे काढायचे, फी भरायची. काढलेली रक्कम त्याच मुलाच्या, त्याच आर्थिक वर्षातल्या फीशी जुळली तर वाढीवर कर नाही. जुळली नाही तर कर आणि वर दंड. लोक मार्चमध्ये पैसे काढून एप्रिलमध्ये फी भरत, मेसचं बिल फीमध्ये धरत, मिळालेली शिष्यवृत्ती सांगायला विसरत. स्वरूपा काढलेल्या रकमा एका बाजूला आणि पावत्या दुसऱ्या बाजूला मांडून शांतपणे जुळवत बसे. सगळं जुळलं की समोरच्या माणसाचे खांदे सैल पडत. ते पाहायला तिला आवडायचं. इतक्या वर्षांत तिच्या हातून गेलेली जुळणी कधी परत आली नव्हती.

यंदा मात्र जुळवायचं काम तिच्याकडे उरलंच नव्हतं.

देशातला बहुतेक व्यवहार डिजिटल रुपयात व्हायला लागून बरीच वर्षं झाली होती. नोटेवर क्रमांक असतो तशी या प्रत्येक रुपयाला स्वतःची एक सही होती. रुपया मोडून त्याचे पैसे झाले तरी प्रत्येक तुकडा त्या सहीचा अंश घेऊनच पुढे जाई. पण बँकेच्या खात्यात रुपया एकदा इतर रुपयांत मिसळला की कुठला कुठून आला हे सांगता येत नसे. हरिपूरच्या संगमावर वारणेचं पाणी कृष्णेत शिरतं, थोडं अंतर दोन रंग वेगळे दिसतात आणि पुढे एकच नदी वाहते, तसं ते होतं. त्या एका नदीतून वारणा पुन्हा वेगळी काढायची रीत आता सापडली होती. सह्यांचे अंश कोट्यवधी व्यवहारांत कसे विखुरले याचं एक प्रचंड समीकरण मांडायचं आणि ते उलट्या बाजूनं सोडवत यायचं. जुन्या संगणकांना एका घराचा हिशेब असा उलगडायला वर्षं लागली असती. नव्या क्वांटम संगणकांना सगळ्या जिल्ह्यासाठी एक दुपार पुरत होती. या रीतीला 'स्रोतवेध' म्हणत, आणि स्रोतवेधाला काळात मागे जाता येत होतं. विद्यासंचय प्राधिकरणानं त्याला दहा वर्षं मागे जायला सांगितलं.

त्यातून जे वर आलं त्याचा अंदाज प्राधिकरणालाही नव्हता. लाखो घरांत एका मुलाच्या नावचे पैसे दुसऱ्या मुलाच्या फीला गेले होते. आणि ज्याचे पैसे गेले ते मूल बहुतेक घरांत मुलगी होती.

कायद्यानं याला मनाई नव्हती. सज्ञान मुलानं स्वतःच्या खात्यातले पैसे भावंडाला द्यायला संमती दिली असेल तर कर नाही, दंड नाही. पण इतक्या लाख मुलींना आता गाठायचं कधी आणि विचारायचं कधी? म्हणून प्राधिकरणानं आणखी एक यंत्रणा जोडली. ती कुटुंबातले नंतरचे व्यवहार पाही आणि त्या मुलीनं तेव्हा 'हो' म्हटलं असतं का, याचं अनुमान काढी. अनुमान पुरेसं पक्कं निघालं की संमतीचा रकाना आपोआप भरून येई. आईबापांनी त्याखालचं 'मान्य' एवढं बटण दाबायचं. मुलीला कळवायचीही गरज उरत नसे.

त्या सोमवारी कवठेपिरानचे मगदूम प्राधिकरणाची नोटीस घेऊन आले. सोबत त्यांची मुलगी होती. वडिलांना गाडीवरून घेऊन आली असावी. दाराजवळच्या खुर्चीत बसून किल्ली बोटात फिरवत होती. स्वरूपाच्या पडद्यावर पिवळी पट्टी उमटली. मुलीच्या खात्यातले पैसे तिच्या भावाच्या इंजिनिअरिंगच्या फीला गेले होते.

स्वरूपानं हलक्या आवाजात सांगितलं तसे मगदूम पुढे वाकले. "ते झालंय खरं तवा. आता काय करायचं म्हणता, ताई?"

"यंत्रानं तिची संमती धरलीय. तुम्ही मान्य म्हटलंत की विषय संपला. नाहीतर तिला विचारावं लागेल."

"मग दाबा की. घरातल्या घरात काय विचारायचं त्यात?"

"काय झालं हो आप्पा?" मुलगी खुर्चीतूनच म्हणाली.

"काय न्हाई. सरकारी भानगड."

मुलीनं स्वरूपाकडे पाहिलं. पडदा तिच्याकडे वळवायला मनगट नुसतं हलवावं लागलं असतं. "झालंच, दोन मिनिटं," असं म्हणून स्वरूपा हसली आणि तिनं बटण दाबलं. पट्टी हिरवी झाली.

निघताना ती मुलगी टेबलाशी आली. "थँक्यू, मॅडम. त्या नोटिशीपायी आप्पांना जेवण जात नव्हतं."

स्वरूपानं पुढच्या माणसाला थांबायला सांगितलं आणि आतल्या खोलीत जाऊन ती पाणी प्यायली. मग तिथल्या मोकळ्या संगणकावर तिनं स्वतःच्या घराचं पान उघडलं. दोन आठवडे ते उघडायचं ती टाळत होती.

पिवळी पट्टी होतीच. 'लाभार्थी: ऋजुता अभिनंदन चौगुले. रक्कम प्रत्यक्षात गेली: श्रेयांस अभिनंदन चौगुले, वैद्यकीय महाविद्यालय, पहिलं व दुसरं वर्ष.' त्याखाली संमतीचा रकाना, भरलेला. आणि त्याखाली बारीक अक्षरांत, यंत्रानं हे अनुमान कशावरून काढलं ते.

दर राखीपौर्णिमेला भावाला भेट. वडिलांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या खर्चातला मोठा वाटा. चार वर्षांपासून आईवडिलांच्या घराचं वीजबिल. आईच्या वाढदिवसाला दरवर्षी साडी. भाऊ पदवीधर झाला त्या दिवशी त्याला स्टेथोस्कोप. 'कौटुंबिक स्नेह: उच्च. संमती होती असे मानण्यास पुरेसा आधार.'

स्वरूपा ते पुन्हा पुन्हा वाचत राहिली. लेकीनं केलेली एकेक माया यंत्रानं वेचून आणली होती आणि तिच्याविरुद्ध साक्षीला उभी केली होती.

नऊ वर्षांपूर्वीचा जून तिला विसरायचा म्हटलं तरी विसरता आला नव्हता. ऋजुताला अहमदाबादच्या वास्तुकला महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. दोन वर्षं तिनं त्याचीच तयारी केली होती. तिच्या खोलीत पुठ्ठ्याची घरं, जिने, पूल यांची दाटी झाली होती, झाडायला जागा नसायची. तिच्याहून वर्षानं मोठ्या श्रेयांसला दुसऱ्या प्रयत्नातही सरकारी जागा मिळाली नाही. खासगी मिळाली. त्याच्या खात्यातले पैसे तिथे निम्म्यालाही पुरत नव्हते. दोघांची फी एकाच आठवड्यात भरायची होती. अभिनंदन आणि स्वरूपानं फार चर्चाही केली नाही. डॉक्टर होणाऱ्या मुलाला थांबवायचं कसं, एवढंच अभिनंदन म्हणाला होता. पैसे काढायचं काम स्वरूपानं केलं, कारण ते तिला येत होतं. विवरणपत्रात 'शैक्षणिक खर्च' असं लिहिणंही तिला येत होतं. तेव्हा त्यापलीकडे कुणी विचारत नसे.

मग संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत सगळे जेवायला बसले असताना अभिनंदननं सांगितलं की बाजार कोसळला, ऋजूच्या खात्यात काही राहिलं नाही. पोरीचे डोळे भरून आले होते, पण ती म्हणाली, "बाबा, नुकसान तुमचं झालंय. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ." स्वरूपानं खाली मान घालून तिच्या ताटात आमटी वाढली. तिनं एवढंच केलं होतं. आमटी वाढली होती.

---

घरी अभिनंदन वाट पाहत होता. गणपती पेठेतलं मोटर-पंपांचं दुकान आता त्यानं भाड्यानं दिलं होतं. त्या भाड्यावर आणि स्वरूपाच्या पगारावर घर चालत होतं.

"केलंस का मान्य?" त्यानं विचारलं.

"नाही."

"अगं, मुदत संपत आली. विसरलीस की काय?"

"विसरले नाही. ऋजूला विचारल्याशिवाय मला दाबवत नाही."

"आता विचारून काय होणार आहे? तिची ती वर्षं परत येणार आहेत का? उगाच तिच्या मनाला घोर. श्रेयूच्या मनाला घोर. त्याचं आत्ता कुठे बस्तान बसतंय इचलकरंजीत."

"आणि आपल्या मनाला?"

"आपलं काय, आपण नऊ वर्षं काढली की." तो खाली बसला. गुडघ्यावर हात ठेवून, जपून बसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "नाही म्हणाली तर काय होईल माहितीय तुला. कर, दंड, आणि मूळ रक्कम वाढीसकट तिच्या खात्यात परत. दुकान विकावं लागेल. आणि तुझी नोकरी? खोटं विवरणपत्र भरलेल्या माणसाला कोठारी ठेवतील?"

"नाही ठेवणार."

"मग? सरकारच म्हणतंय की ती हो म्हणाली असती. आपण कोण नाही म्हणणार?"

अभिनंदन वाईट माणूस नव्हता. तिला सोपं वाटावं म्हणूनच तो हे सांगत होता आणि ते खरंच सोपं होतं. तेव्हाही सगळं असंच सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि कोल्हापूरची बस पकडली. बसमध्ये ती वाक्यं जुळवत राहिली. पोटातलं सगळं सांगू, असं एकदा वाटे. एकदा वाटे, थोडकंच सांगू. एक जुना घोळ निस्तरायचाय, तू फक्त हो म्हण, एवढंच. हातकणंगल्यापर्यंत थोडकंच सांगायचं तिनं नक्की केलं होतं.

ऋजुता शिरोली नाक्याच्या पुढे एका मोठ्या टाइल्सच्या शोरूममध्ये नोकरी करी. सांगलीत बी.कॉम. करून ती इथं लागली होती. स्वरूपा आत गेली तेव्हा ती एका जोडप्याबरोबर होती. भिंतीवरच्या पडद्यावर त्यांच्या होऊ घातलेल्या घराचा नकाशा होता.

"टाइल कुठलीही घ्या, पण त्याआधी एक सांगू का?" ऋजुता म्हणत होती. "ओटा या भिंतीला आहे ना, तो खिडकीखाली घ्या. इथं तुम्ही दिवसभर दिवा लावून काम कराल. आणि हे दार असं उघडलं तर फ्रिजला धडकणार." तिनं बोटानं दार उलटं केलं, ओटा सरकवला, आणि पडद्यावरच्या स्वयंपाकघरात ऊन आलं.

नवरा खूश झाला. "आमच्या आर्किटेक्टला नाही सुचलं हे. तुम्हीपण आर्किटेक्टच का?"

"नाही हो. मी सेल्सला आहे," ऋजुता म्हणाली आणि टाइलचे नमुने काढायला वळली. तेव्हा तिला आई दिसली. "आई? तू अशी अचानक? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. तुझ्याशी बोलायचं होतं."

ते जोडपं गेल्यावर ऋजुता तिला मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथं गिऱ्हाइकांना दाखवायला मांडलेली स्वयंपाकघरं होती, ओळीनं. एकातल्या टेबलाशी दोघी बसल्या. स्वरूपा पाणी प्यायला उठून सिंकपाशी गेली आणि तिनं नळ फिरवला.

"त्याला पाणी नाही, आई. शोचा आहे." ऋजुतानं स्वतःची बाटली पुढे केली. "काय झालंय? सांग ना."

स्वरूपानं बाटली हातात धरली आणि बोलायला सुरुवात केली. बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य उपयोगाला आलं नाही. खात्याचं सांगितलं, श्रेयांसच्या फीचं सांगितलं, स्रोतवेधाचं सांगितलं, भरून आलेल्या रकान्याचं सांगितलं. सगळं संपल्यावर ऋजुतानं विचारलं,

"म्हणजे बाजार पडला नव्हता?"

"नव्हता."

"मुळीच?"

"मुळीच नाही. त्या वर्षी चांगला होता."

ऋजुता हसली, पण ते हसू लगेच विरलं. "मी किती वर्षं बातम्या बघायचे, माहितीय? बाजार चढला की मला वाटायचं, आता बाबांचं नुकसान थोडं भरून निघेल. मी कधी त्यांना विचारलं नाही, त्यांना लागेल म्हणून." तिनं हात पुढे केला. "दाखव ते पान."

स्वरूपानं फोन दिला. ऋजुता वाचत गेली. तिचं बोट एकेका ओळीवर थांबत होतं. स्टेथोस्कोपच्या ओळीवर ते बराच वेळ थांबलं.

"आई, हे यंत्राला कुणी सांगितलं का, मी हे का केलं ते?" तिनं वर पाहिलं. "गुडघ्याचे पैसे मी दिले, कारण मला वाटायचं, माझ्यासाठी साठवलेलं सगळं बाबांचं बुडालंय आणि आता त्यांच्याकडे काही नाही. विजेचं बिल भरते ते त्याचसाठी. मला तुमची दया यायची गं. तुम्ही सांगितलेल्या खोट्यावरून मी हे सगळं केलं, आणि आता त्याच्यावरून ठरवतायत की माझी संमती होती."

स्वरूपाच्या हातातली बाटली तशीच होती, प्यायची राहिलेली. इतकी वर्षं ती हे समजून होती की मुलीचं एक शिक्षण बुडवलं. त्यापुढचा विचार तिनं केला नव्हता. त्या दिवसानंतर मुलीनं प्रेमानं जे जे पुढे केलं ते सगळं त्यांनी फसवून घेतलं होतं. प्रत्येक साडी.

"तू मला विचारायला आलीस की सांगायला?" ऋजुतानं विचारलं.

"निघाले तेव्हा विचारायला निघाले होते. तू हो म्हणावंस म्हणून." स्वरूपानं तिच्याकडे पाहायचा प्रयत्न केला. "आता विचारत नाही."

"सांगून झालं ना मग?"

"झालं."

"मग हे घे." ऋजुतानं फोन तिच्यासमोर टेबलावर ठेवला. "मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. हो म्हटलं तर मी मूर्ख ठरते. नाही म्हटलं तर दुकान मी विकायला लावलं, असं बाबा मरेपर्यंत म्हणतील. तेव्हा तुम्ही मला न विचारता ठरवलंत. आताही तुमचं तुम्हीच ठरवा. पण या वेळी माझं नाव लावू नका त्याला."

बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली. ती उठली, ओढणी सारखी केली आणि गिऱ्हाइकांकडे गेली. जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. स्वरूपा त्या कोरड्या स्वयंपाकघरात एकटी बसून राहिली.

पानावर दोन बटणं होती. 'मान्य' मोठं आणि हिरवं होतं. दुसरं शोधावंच लागलं; ते खाली, करड्या अक्षरांत होतं: 'अनुमान चुकीचे आहे. संमती घेतली नव्हती.' स्वरूपानं ते दाबलं. यंत्रानं विचारलं, 'आपली खात्री आहे का? आपल्यासारख्या बहुतेक कुटुंबांनी अनुमान मान्य केले आहे.' तिनं पुन्हा दाबलं.

---

अभिनंदन तिच्याशी तीन महिने बोलला नाही. जेवायला बसे, ताट सरकवून उठे. गणपती पेठेतलं दुकान दिवाळीआधी विकलं गेलं. त्या दिवशी त्यानं जुन्या गिऱ्हाइकांकडून दुरुस्तीच्या दोन मोटरी घरी आणल्या आणि मागच्या पडवीत त्या उघडून बसला. दुकान नसलं तरी हाताला काम हवं, एवढंच तो म्हणाला. किती दिवसांनी त्याचा आवाज तिनं ऐकला होता.

कोठारीसाहेबांनी तिला आत बोलावलं, तेव्हा ते तिच्यापेक्षा जास्त अवघडले होते. "तुम्ही मान्य म्हटलं असतंत तर मला कधी कळलंही नसतं, चौगुलेबाई," ते म्हणाले. ते खरं होतं. जायच्या आधी स्वरूपानं मगदूमांच्या मुलीचा नंबर शोधला आणि तिला फोन केला. त्या दिवशी आपण कुठलं बटण दाबलं ते सांगितलं, आणि ते अजून बदलता येतं हेही. मग मुलगी म्हणाली, "मला कशाला सांगितलंत हे?" आणि तिनं फोन ठेवला. त्या मुलीनं पुढे काय केलं ते स्वरूपाला कधीच कळलं नाही. आपण तिच्यावर उपकार केला की स्वतःचं मन हलकं करायला तिच्या घरात आग लावली, हेही तिला ठरवता आलं नाही.

श्रेयांस इचलकरंजीहून आला तो सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. "मला त्या वेळी सांगितलं असतं तर मी थांबलो असतो," तो म्हणाला. मग जरा वेळानं खाली बसून म्हणाला, "नसतो थांबलो बहुतेक. अठरा-एकोणीसचा होतो. पण मला तसं म्हणायची पाळी तरी आली असती." दुकान विकूनही जे कमी पडत होतं ते भरायचं त्यानं स्वतःकडे घेतलं. ऋजुताला तो फोन करी. ती उचले, दवाखाना कसा चाललाय विचारी आणि ठेवून देई. त्या वर्षी त्याला राखी आली नाही.

सगळी रक्कम ऋजुताच्या खात्यात परत जमा झाली. नियम असा होता की वयाची तीस वर्षं होईपर्यंत ती शिक्षणासाठी करमुक्त काढता येईल. ऋजुताला अजून दोन-अडीच वर्षं होती. स्वरूपा आता घरीच गल्लीतल्या लोकांची छोटी विवरणपत्रं भरून द्यायची, पगार नाही, सही नाही. काम करता करता तिचं मन अहमदाबादला जाई. सत्ताविसाव्या वर्षी कुणी कॉलेजात जात नाही असं थोडंच आहे? पाच वर्षं म्हणजे बत्तीस. बत्तीसला माणूस म्हातारं होतं का? तिनं मनातल्या मनात ती फी कितीदा तरी भरून टाकली होती. एकीकडे काढलेली रक्कम, दुसरीकडे पावती, दोन्ही सारख्या. तसं झालं की आपली सुटका, असं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण ती धरून बसली होती.

ऋजुता महावीर जयंतीला आली नाही. आंब्याच्या दिवसांतही आली नाही. वीजबिल मात्र तिनं त्या जुलैपासूनच भरायचं थांबवलं होतं आणि ते स्वरूपाला बरं वाटलं होतं.

मे महिन्याच्या अखेरीस एका दुपारी तिचा फोन आला.

"आई, खात्यातले पैसे काढतेय. सगळे."

स्वरूपा उभी होती ती खाली बसली. "काढ की. फी कधी भरायची आहे? जूनमध्ये ना? मग लगेच काढू नकोस, प्रवेशाची पावती हातात आली की—"

"फी नाहीये," ऋजुता म्हणाली. "मी शिकायला नाही चाललेय."

स्वरूपानं फोन कानाशी आणखी दाबून धरला.

"कर भरून काढतेय. खातं तू काढलेलं आहेस, म्हणून तुझी परवानगी लागते. तुला विचारायला फोन केला."

"ऋजू, पण ते तुझं... तुला केवढं शिकायचं होतं."

"हो. अठराव्या वर्षी." तिच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच ऐकायला जड गेलं. "मी जाऊन आले अहमदाबादला, मार्चमध्ये. कुणाला सांगितलं नाही. वर्गाबाहेर उभी राहिले. आत मुलं पुठ्ठे कापत बसली होती. मला वाटलं होतं, बघितलं की पुन्हा तसंच वाटेल. नाही वाटलं, आई. ती जी मुलगी होती ना, तिला तिथं जायचं होतं. मी तिच्याऐवजी जाऊन काय करू? तुम्हाला बरं वाटावं म्हणून पाच वर्षं शिकू?"

पडवीतून अभिनंदनच्या हातोडीचा आवाज येत होता, थांबून थांबून. स्वरूपाला खूप काही म्हणायचं होतं. कर किती जाईल, थोडे तरी राहू दे, पुन्हा एकदा विचार कर. आणि सगळ्यात जास्त हे विचारायचं होतं की मग एवढे पैसे कशाला काढतेस. घर घेतेस का, लग्न करतेस का, कुठे लांब निघालीस का? प्रश्न जिभेवर आला होता. ती तो गिळून बसली.

"दिली परवानगी," ती म्हणाली. "आत्ताच करते."

"कशासाठी ते विचारणार नाहीस?"

"तुझे आहेत. तुला सांगावंसं वाटलं तर सांग."

फोन चालू होता. शोरूममधली फरशी कुणीतरी ओढत नेल्याचा कर्कश आवाज मध्येच येऊन गेला.

"आज नको," ऋजुता म्हणाली.

"बरं," स्वरूपा म्हणाली. "आज नको."